घटाशेजारी बसवलेली डिस्क

माझ्या आईला गावात कुणी विचारलं, "तुजा ल्योक लातूरला काय करतो गं?" तर ती सांगते, "काम्प्युटरवाल्यायच्या हापिसात जाऊन जागा झाडून देतो." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं.

मी डेटाबेस सांभाळतो. दवाखाने, रक्तपेढ्या, शिकवणी वर्गांची ऑफिसं अशा ठिकाणची माहिती ज्या सर्व्हरवर असते, तिथे ती नीट राहते ना, जागा पुरते ना, आणि उद्या काही बिघडलं तर परत आणता येईल अशी तिची प्रत, म्हणजे बॅकअप, कुठेतरी पडलेली आहे ना, एवढं बघायचं. राहायला लातूरला, फिरती नांदेडपर्यंत. मूळचा मुखेड तालुक्यातला. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मुखेडच्या शाळेत संगणकाच्या खोलीला कुलूप असायचं आणि आत जाताना चपला काढाव्या लागायच्या. पुढे नांदेडला खानावळीच्या मावशींनी डबा कधी बंद केला नाही, म्हणून पदवी झाली. त्या नसत्या तर मी आज कुठल्या तरी फाट्यावर रसवंती चालवत असतो. त्यातही काही कमी नव्हतं, पण मला हे काम मिळालं आणि मी त्याचा ऋणी आहे.

या कामाला लोक सुखाचं समजतात. एसीत बसायचं, बटणं दाबायची. खरं सांगतो, यात सुख आहे, पण त्याच्या पोटात कायम एक भीती बसलेली असते. सुतार चुकला तर फळी वाया गेलेली दिसते. आमचं चुकलेलं दिसत नाही. सगळं चालू असतं, लोक चहा पीत असतात, आणि आत काहीतरी भरत चाललेलं असतं.

काय भरतं, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सोयाबीन काढलं की माल आधी खळ्यावर येतो. खळ्यावरून गाडी भरून घरी जातो. गाड्या वेळेवर आल्या तर खळं रिकामं होत राहतं आणि नवा माल टाकायला जागा मिळते. डेटाबेसचंही तसंच आहे. तुम्ही काहीही नोंदवलं, एखादं नाव, एखादी तपासणी, की ते आधी एका फाइलमध्ये क्रमाने लिहिलं जातं. तिला लॉग म्हणतात. ते आमचं खळं. दर तासाला एक गाडी येते, म्हणजे लॉगचा बॅकअप होतो, माल वेगळ्या डिस्कवर जातो आणि लॉगमधली जागा पुन्हा वापरायला मोकळी होते. गाडी आली नाही तर लॉग ढीग साठवत राहतो. तो स्वतःहून काही टाकून देत नाही, कारण माल सुरक्षित पोहोचल्याशिवाय खळं सोडायचं नाही असा त्याला हुकूम आहे. शेवटी सर्व्हरची सगळी जागा तो खाऊन टाकतो, आणि काम थांबतं.

अशा वेळी कुणीतरी शहाणा म्हणतोच, "एवढा मोठा ढीग कशाला पाहिजे? पेटवून द्या, जागा होईल."

लोक बॅकअपचे काय काय करतात याचे किस्से माझ्याकडे भरपूर आहेत. औशाला एक डॉक्टरसाहेब होते. फार काळजीवाहू माणूस. मी त्यांना सांगितलं होतं, बॅकअपची डिस्क जिवापाड जपा. पुढे कधीतरी मी विचारलं, डिस्क कुठंय? तर मला घरी घेऊन गेले, तिजोरी उघडली, दागिन्यांच्या खाली मखमलीच्या पिशवीतून डिस्क काढून दाखवली. म्हणाले, "तुम्ही दिल्यापासून हात लावू दिला नाही कुणाला." खरंच लावू दिला नव्हता. सर्व्हरला एकदासुद्धा जोडली नव्हती. आत काहीच नव्हतं. मला हसू आलं नाही, घाम आला. डॉक्टरसाहेबांचं नशीब, की तोवर काही बिघडलं नव्हतं.

पण आज लिहायचंय ते नांदेडच्या एका रक्तपेढीबद्दल. नाव सांगत नाही. चांगली माणसं आहेत, आजही काम करताहेत.

नवरात्रातली गोष्ट. सकाळी मी लातूरच्या ऑफिसात बसलो होतो. पेढीचे व्यवस्थापक वसंतराव यांचा फोन आला. साठीकडे झुकलेला, देवभोळा, शिस्तीचा माणूस.

"सूर्यवंशी, काल संध्याकाळपासून काम्प्युटर नोंदी घेईना गेलाय. रेखाताईनं बटण बंद करून चालू केलं, तर आता उघडतच न्हाई. सॉफ्टवेअरवाल्या पोराला फोन केला पुण्याला. तो म्हणतो, लॉगची फाइल लई फुगलीय, ती उडवून टाका, नवीन तयार होते, दहा मिनिटांचं काम हाय. उडवू का?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"वसंतराव, काही उडवू नका. काहीच पुसू नका. माऊसला हात लावू नका. मी निघालो."

"पण तो म्हणतो..."

"तो काही म्हणू द्या. मी येईपर्यंत त्या खोलीला कुलूप लावा."

त्या पेढीचा सर्व्हर त्यांनी नियम म्हणून इंटरनेटला जोडलेला नव्हता, त्यामुळे जाण्यावाचून इलाज नव्हता. अहमदपूर, लोहा करत एसटी निघाली. सणाची गर्दी, दाराशी उभा राहून गेलो. वाटेत रेंज यायची-जायची. रेंज आली की फोन लावायचा, तो लागायचा नाही. मला वाटत राहिलं, तो पुण्याचा मुलगा पुन्हा फोन करेल, आणि वसंतराव बिचारे त्याचं ऐकतील. तो वाईट मुलगा नव्हता. त्याच्यासमोर पडद्यावर एक फुगलेली फाइल होती. त्या फाइलमध्ये कोण बसलंय ते त्याला माहीत नव्हतं. तेव्हा मलाही नव्हतं.

पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. कुलूप जागेवर होतं. मी पहिल्यांदा तेवढंच बघितलं.

बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, मांडीवर रिकामा थर्मास. रेखाताई, म्हणजे पेढीच्या तंत्रज्ञ, मला आत नेता नेता हळू आवाजात म्हणाल्या, "हे अन्वरभाई. हिमायतनगरचे. बांगड्यांचं दुकान आहे त्यांचं. यांच्या मुलीसाठीच सगळं चाललंय."

त्यांनी सांगितलं ते असं. अन्वरभाईंची मुलगी शबाना, विशी-पंचविशीची. तिला लहानपणापासून दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. वर्षानुवर्षं परक्याचं रक्त घेऊन तिचं शरीर चोखंदळ झालं होतं. नुसता गट जुळून भागत नव्हतं. रक्तात एक विशिष्ट खूण असेल तर तिचं शरीर ते रक्त फोडून टाकायचं. नेहमीच्या जुळवणीत हे दिसेलच असं नव्हतं. मागे एकदा नळीत छान जुळलेलं रक्त अंगात गेल्यावर चार-सहा दिवसांनी बिनसलं होतं आणि मुलगी हातची जाता जाता राहिली होती. म्हणून पेढीच्या डॉक्टर मॅडमनी ठरवलं होतं, की ती खूण नाही अशी तपासून घेतलेली पिशवीच शबानाला द्यायची. नवरात्रात मोठं रक्तदान शिबिर झालं. त्यातल्या ओ पॉझिटिव्ह पिशव्या रेखाताईंनी एकेक करून तपासल्या. दोन पिशव्या शबानाला चालणाऱ्या निघाल्या.

"मग त्या द्या ना," मी म्हणालो.

"कोणत्या?" रेखाताई म्हणाल्या. "पिशवीवर नंबर आणि गट असतो. ही जादा तपासणी आम्ही थेट काम्प्युटरमध्ये भरतो. पिशवीवर हातानं लिहायची परवानगी नाही. दोन होत्या एवढं मला आठवतंय. नंबर आठवत नाहीत. सकाळपासून डोकं आपटून घेतेय."

"पुन्हा तपासता येणार नाही?"

"ती खूण ओळखायचं सिरम छोट्या बाटलीत येतं. शिबिराच्या पिशव्या तपासताना संपलं. हैदराबादहून मागवलंय, पण सुट्ट्यांमुळे दोन-तीन दिवस तरी लागतील." त्या थांबल्या. "शबाना समोरच्या दवाखान्यात आहे. ताप आलाय, दम लागतोय. मॅडम म्हणतात, आज रक्त गेलं पाहिजे."

रक्ताच्या पिशव्यांचा फ्रिज समोर होता. ओ पॉझिटिव्हच्या फळीवर अकरा पिशव्या. सगळ्या सारख्या.

मी सर्व्हरसमोर बसलो. डिस्क काठोकाठ भरलेली. शिबिराचे फोटो, उद्घाटनाचं चित्रीकरण, आणि बाकी सगळा लॉग. म्हणजे कित्येक दिवस गाडी आलीच नव्हती. "बॅकअप झाला नाही" अशी सूचना तासातासाला पडद्यावर येऊन गेलेली होती, पण सर्व्हरच्या पडद्यासमोर कुणी बसत नसतं. मी मागे हात घालून बॅकअपची डिस्क चाचपली. वायर लोंबत होती. डिस्क नव्हती.

"वसंतराव, मागं काळी डबी होती ती?"

वसंतराव मला शेजारच्या खोलीत घेऊन गेले.

त्या पेढीत पहिल्यापासून घट बसतो. घटाशेजारी प्रत्येक विभागाचं एक हत्यार ठेवायची पद्धत. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, ते हे लोक घटस्थापनेपासूनच बसवतात. जुना तराजू होता, पिशव्या बंद करायचा चिमटा होता, शिक्का होता. काम्प्युटर विभागाचं काय ठेवायचं? कीबोर्ड ठेवला तर काम बंद पडणार. वसंतरावांनी सगळं निरखून पाहिलं होतं. ही एकच वस्तू अशी दिसली, की जिच्याकडे दिवसभरात कुणी वळूनसुद्धा बघत नाही. तिला दहा दिवस उचललं तर कुणाचं काही अडणार नाही.

पत्रावळीवर काळी माती, तीत उगवलेलं हिरवं-पिवळं धान, मधे घट, वर सहा माळा आणि त्या दिवशीची ताजी सातवी. मातीला रोज पाणी घातलेलं. पत्रावळीच्या कडेला, ओल्या मातीला टेकून, लाल कापडावर ती डिस्क. हळद, कुंकू, अक्षता, फूल.

मी खाली बसलो. डिस्क जवळून बघायला बसलो, नमस्काराला नाही. पण हात आपोआप जोडले गेले. आमच्याही घरी घट असतो. बसलेला घट, त्याच्याजवळचं काही, दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत आहे. ते आठवून भीती वाटली, आणि मातीतलं पाणी डिस्कमध्ये गेलं असेल या विचाराने दुसरी भीती वाटली. दोन्हींपैकी मोठी कोणती ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

वसंतराव म्हणाले, "चुकलं का माझं?"

"आधी दुसरा रस्ता बघू," मी म्हणालो. खरं तर मी पळवाट शोधत होतो.

बाजारातून नवी डिस्क मागवली. आमच्या कामात पहिला नियम, की काही दुरुस्त करायच्या आधी जे आहे, जसं आहे, मोडकं का असेना, त्याची नक्कल करून घ्यायची. मग तुम्ही कितीही चुकलात तरी परत तिथे येता येतं. नक्कल होईपर्यंत मी हात बांधून बसलो. मग फोटो-चित्रीकरण हलवून सर्व्हरवर जागा केली आणि डेटाबेसला उठायला सांगितलं. पुष्कळदा एवढ्यावर काम होतं. तो थोडा पुढे गेला आणि थांबला. बटण बंद केलं त्या क्षणी जे पान लिहिलं जात होतं ते अर्धवट राहिलं होतं. मूळ डेटाच दुखावला होता. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथेच थांबला.

आता एकच वाट उरली. घट बसायच्या आधीचा शेवटचा चांगला बॅकअप घ्यायचा, तो दुसरीकडे उभा करायचा, आणि त्यावर त्या दिवसापासून आजपर्यंतचा लॉग पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवायचा. गाडी आली नव्हती म्हणून सगळा माल अजून खळ्यावरच होता. सकाळी जी फाइल उडवायची म्हणत होते, तिच्यातच रेखाताईंच्या त्या नोंदी होत्या आणि दुसऱ्या कुठेही नव्हत्या. पण त्यासाठी तो जुना बॅकअप हवा होता. तो घटाशेजारी होता.

मी हे मॅडमना आणि वसंतरावांना सांगत होतो तेवढ्यात काउंटरवर आवाज चढला. तिशीचा एक माणूस, शर्टावर रक्ताचे डाग, हातात दवाखान्याची चिठ्ठी. बालाजी नाव. त्याच्या भावाच्या मोटारसायकलला ट्रॅक्टरनं उडवलं होतं. ओ पॉझिटिव्ह, दोन पिशव्या.

रेखाताई म्हणाल्या, "दादा, दुसऱ्या पेढीतून मागवून देतो. अर्धा-पाऊण तास लागंल."

"अर्धा तास? तिकडं पोट उघडून बसलेत, ताई." त्यानं काचेच्या फ्रिजकडे हात केला. "अन् ह्या दिसून राहिल्यात त्या काय शोभेला ठिवल्यात?"

जुन्या पिशव्या सकाळीच संपल्या होत्या. उरलेल्या अकराही शिबिराच्या होत्या, आणि त्यांतल्या दोन शबानाच्या.

बालाजी बाकावर आदळल्यासारखा बसला. अन्वरभाईंनी थर्मास बाजूला घेऊन त्याला जागा दिली. "कोण हाय बेटा तुझं?"

"धाकला भाऊ हाय, चाचा. दिवाळीनंतर लग्न हाय त्याचं. तुमचं कोण?"

"पोरगी."

"तुम्हालाबी न्हाई म्हणून राहिलेत का?"

"न्हाई म्हणत नाहीत," अन्वरभाई म्हणाले. "हुडकून राहिलेत."

मॅडमना दारातून हे सगळं दिसत होतं. त्या आत आल्या, फ्रिज उघडला, पुढच्या दोन पिशव्या काढल्या. रेखाताईंनी त्यांचा हात धरला. "मॅडम, त्याच असल्या तर?"

"रेखा, समोर पोट उघडलेला माणूस आहे. मी फ्रिजला राखण बसू शकत नाही." मग त्या अन्वरभाईंकडे वळल्या.

अन्वरभाई त्या दोन पिशव्यांकडे बघत होते. अकरातल्या दोन म्हणजे काय, हे बांगड्या जोडीनं विकणाऱ्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती. ते म्हणाले, "द्या, मॅडम. त्याला टाइम न्हाई."

जुळवणी झाली, पिशव्यांचे नंबर टाकून हातानं चिठ्ठी लिहिली, बालाजी खोका छातीशी धरून रस्ता ओलांडून पळाला.

अन्वरभाई उठून आमच्या दारात आले. त्यांनी मघाचं बोलणं ऐकलं होतं. वसंतरावांना म्हणाले, "साहेब, एक बोलू? घट हलवत नसतात, मला म्हाईत हाय. आमच्या दुकानात तुमच्याच बाया-बापड्या येतेत नवरात्रात. माझ्या पोरीसाठी तुमच्या देवीला उठवायचं पाप माझ्या डोक्यावर नको. दुसरी डबी भेटत असंल तर मी हैदराबादला जाऊन आणतो."

वसंतरावांनी बूट काढले. पाय धुवायलाही थांबले नाहीत, तसेच आत गेले. मी त्यांच्या मागे. ते घटासमोर गुडघ्यावर बसले आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाले, "आई, मीच ठेवली, मीच उचलतो. काय शिक्षा करायची ती मला कर. पोरीला नको." एका हातानं पत्रावळ दाबून धरली, घटाला धक्का लागू न देता दुसऱ्या हातानं डिस्क सोडवली. लाल कापड खालून ओलं होतं. धानाचं एक बारीक पांढरं मूळ कापडाला चिकटून आलं.

म्हणजे पाणी डिस्कपर्यंत पोहोचलं होतं.

मी डिस्क पुसली. वायर जोडायच्या भोकात कुंकू होतं. रेखाताईंनी प्रयोगशाळेतला बारीक ब्रश दिला, त्यानं ते झाडलं. पंख्याखाली धरून वाळवली. किती वाळवली म्हणजे वाळली, हे कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही. ओली असताना वीज दिली तर ती जन्माची गेली असती. फार वेळ घालवला तर बाकावरच्या माणसाची मुलगी. शेवटी मी वायर लावली. मी त्या वेळी देवीचं नाव घेतलं, आणि लाजायचं कारण नाही.

डिस्क फिरल्याचा बारीक आवाज आला. हिरवा दिवा लुकलुकला. फाइल्स दिसल्या.

मी क्षणभरही आनंद केला नाही, कारण फाइल दिसणं आणि फाइल उघडणं यांत फरक असतो. बॅकअप नव्या जागी उतरवायला लावला. पडद्यावर टक्के येत होते. दहा. वीस. मग बराच वेळ वीसच. वसंतराव अनवाणीच माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. म्हणाले, "अडकलं का?"

"न्हाई. वाचून राहिलंय."

मला माहीत नव्हतं. मी नुसतं म्हणालो.

तेवढ्यात काउंटरवर पुन्हा कुणी आलं. ओ पॉझिटिव्हच. मॅडमनी त्यांना दहा मिनिटं थांबायला सांगितलं. बाळंतिणीसाठी होतं, घाई नव्हती. पण दार वाजलं की मी मागे वळून बघत होतो. माझ्यापुढचा आकडा आणि फ्रिजचं दार, दोन्ही एकाच वेळी पुढे सरकत होते. आणि यातलं एकही मला थांबवता किंवा पळवता येत नव्हतं.

जुना बॅकअप उतरला. मग लॉग चालू केला. हा भाग मी आयुष्यात पुष्कळदा केलाय, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा तो दिसला. घटस्थापनेच्या दिवसापासून पेढीत जे जे झालं होतं ते त्याच क्रमानं पुन्हा घडत होतं. शिबिर. दात्यांची नावं. तपासण्या. कुणाला दिलेली पिशवी, परत आलेली पिशवी. मधली एकही ओळ गाळता येत नाही. एक तुटली की पुढचं सगळं वाया. म्हणून मी पडद्यावरची नजर काढली आणि जमिनीवरच्या फरशा बघत बसलो.

रेखाताईंनी माझ्या खांद्याला हात लावला. "झालं."

डेटाबेस उघडला होता. मी बाजूला झालो. त्या खुर्चीवर बसल्या, शबानाचं नाव टाकलं. दोन नंबर आले. त्यांनी ते तळहातावर लिहिले आणि फ्रिजकडे गेल्या. मी मागे गेलो नाही. काचेतून बघितलं. त्यांनी एकेक पिशवी फिरवून नंबर वाचला. एक बाहेर काढून टेबलावर ठेवली. मग उरलेल्या सगळ्या पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. मग तिसऱ्यांदा.

मग त्या बालाजीच्या पिशव्यांच्या, हातानं लिहिलेल्या चिठ्ठीपाशी आल्या आणि तळहात तिच्याशेजारी धरला.

अन्वरभाई कधी आत आले ते कळलं नाही. "दोन होत्या म्हणे ताई."

"एक गेली, चाचा. मघाशी." रेखाताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्या अ‍ॅक्सिडेंटवाल्याला."

अन्वरभाईंनी टेबलाची कड धरली. मग मॅडमना विचारलं, "एक पुरंल का?"

मॅडम खोटं बोलत नसत. "पूर्ण नाही पुरणार. पण श्वास सुधारेल. सिरम येईपर्यंत तिला धरून ठेवता येईल. सिरम आल्यावर नव्या पिशव्या तपासून आणखी मिळते का बघू."

"मग चला," ते म्हणाले.

शबानाला ती एक पिशवी गेली. सिरम यायला ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त लागला, आणि तो दिवस कसा काढला हे त्या घरालाच माहीत. पण तिनं काढला. नंतर परभणीकडच्या एका दात्याचं रक्त जुळलं. आज ती दुकानात बसते. वसंतरावांनी त्या वर्षी दसऱ्यानंतर नऊ दिवस एकवेळ जेवण केलं. घटाशेजारी आता काम्प्युटर विभागाचा एक जुना माऊस असतो. डिस्क मात्र मी दोन करून घेतल्यात, आणि दुसरी वेगळ्या इमारतीत आहे.

माणसं मला म्हणतात, तुम्ही वाचवलंत. तसं नाही. शबानाच्या पिशव्यांचा हिशेब कधीच लागला नसता, जर वसंतरावांनी सकाळी कुलूप लावलं नसतं. आणि लॉग परत आणूनही मी एक पिशवी परत आणू शकलो नाही. काही गोष्टी एकदा दाराबाहेर गेल्या की कुठल्याच डिस्कवर नसतात. हे कळल्यापासून माझी भीती कमी झाली नाही. फक्त कशाला भ्यायचं ते ठरलं.

त्या संध्याकाळी रेखाताईंनी पिशवी खोक्यात घातली आणि मी अन्वरभाईंबरोबर समोरच्या दवाखान्यापर्यंत गेलो. त्यांच्या हातात थर्मास होता, खोका मी धरला होता. पायऱ्यांवर बालाजी उभा होता, हातात कागदी कपातला चहा. तोंड धुतलेलं दिसत होतं. आम्हाला बघून तो दोन पायऱ्या खाली आला.

"भाऊ टेबलावरून खाली आला, चाचा. डॉक्टर म्हणले, धोका टळला." मग त्याची नजर खोक्याकडे गेली. "तुमचं घावलं का?"

अन्वरभाई त्याच्याकडे बघत थांबले. मला वाटलं, आता सांगतील. सांगायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

"घावलं, बेटा," ते म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर हात टेकून पायऱ्या चढू लागले.